बॅनरवर गोरी केलेली रमाई आणि खरी रमाई



यंदा ७ फेब्रुवारीला आमच्या कड्यात त्यागमूर्ती माता रमाईंची जयंती साजरी झाली. वर्गणी जमली, विहार सजला, चौकात मोठा बॅनर लागला. त्या बॅनरवरच्या रमाई पाहून सगळ्यांनी छान झालाय म्हणून मान डोलावली. चेहरा दुधासारखा गोरा, गाल भरलेले, ओठ गुलाबी, नाकात नथ, गळ्यात दोन-तीन पदरी सोन्याचे दागिने आणि अंगावर भरजरी शालू. चूक बॅनर छापणाऱ्याची नाही. फोटो जरा उजळ कर, असे त्याला आम्हीच सांगितले होते.

संध्याकाळी त्रिसरण-पंचशील झाल्यावर अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, की रमाई खरेच एवढ्या गोऱ्या होत्या का? आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. कोणीतरी विषय बदलला आणि खीर वाटायला सुरुवात झाली. पुढे काही दिवसांनी कळले, की तीच मुलगी तीन-चार महिन्यांपासून बाजारातून आणलेले गोरे होण्याचे मलम चोरून लावत होती. तिचा चेहरा लाल पडला होता, उन्हात गेले की आग व्हायची. घरात मोठ्या बहिणीला पाहून गेलेल्या पाहुण्यांनी रंगावरून नकार कळवला होता. धाकटीने तेव्हाच मनाशी ठरवले, की आपल्यावर ही वेळ येऊ द्यायची नाही.

मग आम्हाला आमच्या बॅनरची लाज वाटली. आपल्या पोरींना आपण जी आई दाखवतो, तिचाही रंग आपल्याला बदलून हवा असतो. २७ मे हा रमाईंचा स्मृतिदिन. त्या निमित्ताने रमाईंचे आयुष्य पुन्हा एकदा, त्यांच्या देहावर, कपड्यालत्त्यावर आणि दागिन्यांवर नजर ठेवून सांगावे, असे आम्ही ठरवले. बाकीचे बहुतेक आपल्याला पाठ आहेच.

रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी कोकणात दापोलीजवळच्या वणंद गावी झाला. वडील भिकू धुत्रे, ज्यांना वलंगकर असेही म्हणत, दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आईचे नाव रुक्मिणी. घरात तीन बहिणी आणि एक भाऊ. आई आधी गेली आणि पाठोपाठ वडीलही गेले. पोरक्या झालेल्या या भावंडांना नातेवाइकांनी मुंबईला आणले आणि भायखळ्याच्या चाळीत ती वाढली. शाळा रमाईंच्या वाट्याला आली नाही. ज्या वयात आज आपली पोर चौथीचे पुस्तक घेऊन बसते, त्या वयात रमाईंचे लग्न झाले.

सुभेदार रामजी सकपाळ मुलासाठी मुलगी शोधत होते आणि त्यांनी ही पोरकी मुलगी पसंत केली. साल १९०६. रमाई जेमतेम आठ-नऊ वर्षांच्या, भीमराव चौदा-पंधरा वर्षांचे. लग्न लागले ते भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर. एका बाजूला नवऱ्याकडची माणसे, दुसऱ्या बाजूला नवरीकडची. बाजारातले दगडी ओटे हीच पाहुण्यांची बैठक. मंडप नाही, रोषणाई नाही. पहाटे बाजार पुन्हा भरायच्या आत सगळे आटोपून जागा मोकळी करायची होती.

हे सांगताना आपण नेहमी साधेपणाचे कौतुक करतो, आणि करायलाही हवे. पण त्याच वेळी हेही स्पष्ट बोलले पाहिजे, की तो बालविवाह होता. त्या काळी सगळ्याच जातींत ती रीत होती. आज ती कायद्याने गुन्हा आहे, तरी आपल्या बीड जिल्ह्यात ती थांबलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत विशीतल्या मुलींना विचारले, तेव्हा आपल्या जिल्ह्यात दर दहांतल्या चारहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. ऊसतोडीला जाताना पोर कोणाकडे ठेवायची, ही काळजी त्यामागे आहे. आणि जितक्या लहान वयात मुलगी दाखवायला बसवली जाते, तितक्या लहान वयात ती आरशात स्वतःचे दोष शोधायला लागते. दोन्ही गोष्टी एकाच घरात घडतात.

लग्नानंतर रमाई सासरच्या मोठ्या कुटुंबात आल्या. भीमराव मॅट्रिक झाले, बी.ए. झाले. १२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंतचा जन्म झाला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजींचे निधन झाले आणि त्याच वर्षी बाबासाहेब बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून लंडन. १९१७ साली परत आले, १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतले. या सगळ्या वर्षांत परळच्या चाळीतला संसार चालवला रमाईंनी.

तो कसा चालवला, हे आपल्या आजी-पणजीच्या तोंडून आपण ऐकले आहे. शेण गोळा करायचे, गोवऱ्या थापायच्या आणि विकायच्या. बॅरिस्टराची बायको गोवऱ्या विकते, असे कोणी म्हणू नये म्हणून हे काम त्या लोकांची नजर चुकवून करत, असे सांगितले जाते. कार्यकर्त्यांनी मदत देऊ केली तर ती नम्रपणे परत केल्याच्या आठवणीही आहेत. उन्हात, धुरात, शेणात राबणाऱ्या बाईचे हात कसे असतील आणि चेहऱ्याची कातडी कशी असेल, याचा विचार बॅनर करताना आमच्या मनात आला नव्हता. आपल्याकडची कोयता घेऊन फडात उभी राहणारी बाई जशी दिसते, तशाच काहीशा रमाई दिसत असतील.

पाच अपत्यांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार बाळे गेली. यशवंत तेवढा जगला. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला आणि त्या धक्क्यातून दोघेही नवरा-बायको कधी पूर्ण सावरले नाहीत. गंगाधर गेला तेव्हा कफनाला पैसे नव्हते, म्हणून रमाईंनी आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, अशी आठवण आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ज्या बाईकडे अंगावर एक आणि दांडीवर एक लुगडे होते, तिला आम्ही चौकात शालू नेसवला.

लुगड्याची आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. बाबासाहेबांच्या सत्काराला जायचे होते आणि नेसायला धड लुगडे नव्हते. तेव्हा शाहू महाराजांनी बाबासाहेबांना दिलेला भरजरी फेटा रमाई नेसल्या आणि समारंभाला गेल्या. लोक ही गोष्ट सांगताना रडतात. आम्हाला तीत दुसरेही काही दिसते. रमाई घरी बसल्या नाहीत. कपडा नाही, लोक काय म्हणतील, आपण कशा दिसू, म्हणून त्यांनी तो दिवस सोडला नाही. आज कॉलेजच्या गॅदरिंगला, मैत्रिणीच्या हळदीला, अगदी भीमजयंतीच्या मिरवणुकीलाही आपण चांगल्या दिसत नाही म्हणून न जाणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. त्यांच्यासाठी या गोष्टीतला हा भाग जास्त उपयोगाचा आहे.

दागिन्यांचेही तसेच. धारवाडच्या वसतिगृहात रमाई काही दिवस राहायला गेल्या असताना तिथली मुले उपाशी आहेत हे त्यांना कळले. अनुदान वेळेवर आले नव्हते. रमाईंनी आपल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या आणि त्या पैशातून मुलांच्या जेवणाची सोय झाली, असे सांगतात. सोने अंगावर मिरवायचे नसते असे काही रमाईंचे तत्त्वज्ञान नव्हते. कुणाही बाईसारखी त्यांनाही बांगड्यांची आवड असणार. पण समोर उपाशी पोरे असताना बांगडी महत्त्वाची की भाकरी, हे ठरवायला त्यांना वेळ लागला नाही.

इथे महाडचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, हे आपण दरवर्षी साजरे करतो. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या महिलांशी त्यांच्या पेहरावाबद्दल सविस्तर बोलले, हे तितकेसे सांगितले जात नाही. त्या काळी अस्पृश्य बाईची जात तिच्या अंगावर लिहिलेली असे. लुगडे गुडघ्याच्या जवळ खोचलेले, गळ्यात गळसरीवर गळसऱ्या, हातात कोपरापर्यंत कथलाच्या किंवा चांदीच्या जड पाटल्या. दुरून पाहूनच लोकांना कळायचे की कोणती बाई आली, आणि सावली टाळायची. बाबासाहेबांनी सांगितले की या खुणा टाकून द्या, लुगडे पायापर्यंत नेसा, नको ते दागिने घालू नका, स्वच्छ राहा. महिलांनी ते लगेच मनावर घेतले. परतताना कित्येकींनी लुगडे नेसण्याची पद्धत बदललेली होती.

आमच्या चर्चेत एका ताईने यावर अवघड प्रश्न विचारला. मग बाबासाहेबांनीही वरच्या जातीच्या बायकांसारखे दिसायलाच सांगितले ना? आम्ही गोरे व्हायचा प्रयत्न करतो त्यात वेगळे काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे. लुगड्याची नेसण आणि गळसरी हे समाजाने वरून लादलेले जोखड होते. ते उतरवता येत होते आणि ते उतरवल्यावर बाईची मान ताठ होत होती. कातडीचा रंग कुणी लादलेला नाही. तो उतरवायचा म्हटले तर माणसाला स्वतःलाच खरवडावे लागते. महाडच्या बाया परत निघाल्या तेव्हा त्यांना स्वतःबद्दल आधीपेक्षा बरे वाटत होते. मलम लावणाऱ्या मुलीला रोज सकाळी आधीपेक्षा वाईट वाटते. कुठलीही सजावट करताना हा फरक आपला आपल्याला तपासता येतो. स्वच्छ राहणे, आवडीचा कपडा घालणे, केसात फूल माळणे यात काहीच गैर नाही.

तथागतांनीही हेच सांगितले आहे. वासेट्ठ सुत्तात ते म्हणतात की गवत, झाडे, किडे, पशू, पक्षी यांच्या जाती त्यांच्या शरीरावरच्या खुणांवरून वेगळ्या ओळखता येतात. माणसांचे तसे नाही. केस, डोके, कान, डोळे, तोंड, कातडीचा वर्ण, यांपैकी कशावरूनही माणसात जन्माचा भेद ठरत नाही. जातीच्या विरोधातला हा दाखला आपण भाषणात देतो. तोच दाखला मुलगी पाहायला गेल्यावर विसरतो. रंगावरून माणसाची किंमत ठरवणे आणि जातीवरून ठरवणे ही एकाच झाडाची फळे आहेत.

रमाईंच्या आयुष्यातला शेवटचा टप्पा दादरच्या राजगृहातला. बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी हे मोठे घर बांधले. चाळीतल्या खोल्या सुटल्या, पण तोवर रमाईंचे शरीर खंगले होते. अनेक बाळंतपणे, चार बाळांचे मरण, वर्षानुवर्षांची अर्धपोटी मेहनत आणि उपासतापास यांनी ते पोखरले होते. त्यांना पंढरपूरला जायची इच्छा होती. जिथे आपल्याला देवळाबाहेर उभे करतात तिथे जायचे नाही, आपण आपले वेगळे पंढरपूर उभारू, अशी बाबासाहेबांनी त्यांची समजूत काढली होती.

फेब्रुवारी १९३४ मधला राजगृहातला एक कौटुंबिक फोटो आहे. यशवंत, बाबासाहेब, रमाई, जाऊ लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि टॉबी नावाचा कुत्रा. आपल्यापैकी अनेकांनी तो मोबाईलवर पाहिला असेल. साध्या वेशातली, थकलेली, शांत बाई त्यात दिसते. त्यानंतर सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ रोजी, राजगृहातच रमाईंचे निधन झाले. वय अवघे सदतीस. बाबासाहेब लहान मुलासारखे रडले, कित्येक दिवस खोलीबाहेर आले नाहीत, असे जवळच्या लोकांनी नोंदवले आहे. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. १९५६ ची धम्मदीक्षा पाहायला रमाई राहिल्या नाहीत.

पुढे बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ रमूच्या स्मृतीला अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत तिचे मन, तिचे चारित्र्य आणि कोणी सोबती नसलेल्या हलाखीच्या दिवसांत तिने दाखवलेले धैर्य यांची आठवण आहे. दिसण्याबद्दल एक शब्द नाही. जगातल्या मोठ्या विद्यापीठांत शिकलेल्या माणसाला आपल्या बायकोत मोलाचे काय वाटले, ते तिथे वाचायला मिळते. मुलगी पाहायला जाणाऱ्या आपल्या पदवीधर तरुणांनी ते जरूर वाचावे.

आता एक गोष्ट स्वतःलाच सांगायची आहे. रमाईंना त्यागमूर्ती म्हणताना आपण पोरींसमोर दुसरा एक साचा ठेवतो आहोत का? एकीकडे जाहिरात सांगते गोरी हो, बारीक हो. दुसरीकडे आपण सांगतो सोसत राहा, उपाशी राहा, रमाईसारखी हो. दोन्हीकडे मुलीच्या शरीराचे हाल आहेतच. रमाई आवडीने उपाशी राहिल्या नाहीत. जातिव्यवस्थेने आणि गरिबीने त्यांना उपाशी ठेवले. त्यांचे सदतिसाव्या वर्षी जाणे ही आपल्या समाजाने भोगलेली हानी आहे, तिचा नमुना करून पुढच्या पिढीला द्यायचा नसतो.

बाबासाहेबांना हे पुरते कळले होते. रमाई गेल्यानंतर सात वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत हजारो महिलांसमोर त्यांनी सांगितले, की मुलींना शिकवा, लग्नाची घाई करू नका, जास्त मुले होऊ देऊ नका आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची दासी न होता मैत्रीण म्हणून उभे राहावे. रमाईंच्या बाबतीत जे जे घडले, ते आपल्या समाजातल्या कोणत्याही मुलीच्या बाबतीत पुन्हा घडू नये, अशीच ही शिकवण आहे.

आपल्या जिल्ह्यात बाईच्या शरीराचा हिशेब कसा मांडला जातो, हेही विसरून चालणार नाही. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. २०१९ साली सरकारी समितीने ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. काम बुडू नये, खाडे पडू नयेत, यासाठी शरीराचा भाग काढून टाकणारी व्यवस्था आणि कातडी सोलून गोरे व्हायला लावणारी बाजारपेठ, या दोघींनाही बाई जशी आहे तशी चालत नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक महिलांच्या अंगात रक्त कमी आहे. अशा वेळी बारीक दिसायचे म्हणून आमच्या काही मुली रात्रीची भाकरी सोडतात.

म्हणून आम्ही कड्यातल्या तरुण-तरुणींनी विहारात बसून काही साध्या गोष्टी ठरवल्या. स्मृतिदिनाच्या बॅनरवर १९३४ च्या फोटोतल्या रमाई जशाच्या तशा येतील, रंग न भरता, दागिने न चढवता. आमच्या वधू-वर परिचयाच्या फॉर्मवरचा रंगाचा रकाना काढून टाकला आहे. त्या जागी शिक्षण आणि पुढे काय करायचे आहे, हे लिहायचे. जुन्या मंडळींपैकी काहींनी कुरकुर केली. रकाना काढला तरी पाहुणे बघूनच जाणार, असे ते म्हणाले. ते खरे आहे. पण निदान रंग विचारणारा कागद आमच्या विहारातून जाणार नाही.

तिसरे, स्मृतिदिनाला मुलींची हिमोग्लोबिन तपासणी सरकारी दवाखान्याच्या मदतीने करायची. चौथे, गोरे होण्याच्या मलमांबद्दल उघड बोलायचे. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळ वाटतो, पण पुढे कातडी पातळ होते, लाली येते, पुरळ उठतात, नको तिथे केस येतात आणि मलम बंद केले की त्रास वाढतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते लावू नये आणि आधीपासून लावत असाल तर लपवू नये, कातडीच्या डॉक्टरांना दाखवावे. पाचवे मुलांसाठी. मैत्रिणीला, बहिणीला, वहिनीला काळी, जाडी, हाडकुळी म्हणून हाक मारणे थट्टेतही बंद.

त्या मुलीचे मलम आता बंद आहे. चेहरा अजून पूर्ण बरा झालेला नाही, डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. २७ मे रोजी रमाईंची माहिती सांगायला तिलाच उभे करायचे आम्ही म्हणत होतो. तिने दोनदा नाही म्हटले. आम्ही आग्रह केला नाही. मागच्या आठवड्यात ती स्वतःच आली आणि वणंदपासून सांगू की लग्नापासून, असे विचारून गेली.

गावोगावच्या विहारांनी, महिला मंडळांनी आणि तरुण कार्यकर्त्यांनी येत्या स्मृतिदिनाला आपापल्या बॅनरवरची रमाई एकदा नीट पाहावी, एवढीच विनंती.

माता रमाईंना विनम्र अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!